शिलाईतली माया

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला एकच गोष्ट बजावायची, "माया भरपूर सोडा." पुढच्या जूनमध्ये त्या सांगण्याचा अर्थ कळायचा. वर्षभरात मी दोन बोटं वाढलेली असायचे आणि स्कर्ट गुडघ्याच्या वर गेलेला असायचा. आई ब्लेडनं खालच्या दुमडीची टीप उसवायची, तुटलेले दोरे वेचायची, कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायची आणि नव्या उंचीवर पुन्हा टीप मारायची. दुमडीच्या आत दडलेला पट्टा ऊन-पाण्यापासून वाचलेला असायचा, मूळच्या गडद निळ्या रंगाचा. विटलेल्या स्कर्टखाली तो दिवाळीपर्यंत उठून दिसायचा. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या स्कर्टला तसा पट्टा होता, त्यामुळे त्याची लाज कुणालाच वाटत नसे.

टिपेच्या आत, दिसणार नाही असं जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. हा शब्द मला फार अचूक वाटतो. आज शिवणाऱ्यानं उद्या घालणाऱ्यासाठी ठेवलेली ती जागा असते. अंग वाढलं, सुटलं, कपडा धाकट्या भावंडाकडे गेला, तर ही माया उपयोगी पडते. आज शहरांत जुने कपडे विकत घेण्याची नवी हौस आली आहे आणि तिला 'थ्रिफ्ट' हे नाव मिळालं आहे. इन्स्टाग्रामवर अशी दुकानं चालतात, कॉलेजची मुलंमुली जुन्या बाजारात चकरा मारतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण जुना कपडा ओळखायचा, निवडायचा आणि पुन्हा उभा करायचा तर त्याच्या आतली माया पाहता आली पाहिजे. ही विद्या आपल्याकडे नवी नाही.

दंड, दुपटं, गोधडी, पोतेरं

नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब. ते कुठेही कापलेलं नाही, शिवलेलं नाही, म्हणजे एका अर्थी सगळीच माया. रोजच्या वापरात लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याचा भाग आधी विरतो, पदर आणि काठ शाबूत राहतात. मग घरातल्या बाया विरलेला पट्टा कापून काढत आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडत. याला दंड घालणं म्हणत. नेसताना जोड निऱ्यांत किंवा कमरेशी लपे. लुगडं थोडं आखूड होई, पण आणखी वर्ष-दोन वर्षं निघत. धोतरालाही असाच दंड घालत.

दंडही विरला की त्या कापडाचा पुढचा प्रवास सुरू होई. जरा धड भागाचे परकर, झबली, टोपडी होत. सर्वांत मऊ भागाचं दुपटं होई. तान्ह्या बाळाला नव्याऐवजी जुन्या सुती कापडात गुंडाळायची अनेक घरांची रीत होती आणि तिला आधार आहे. नव्या कापडात खळ असते, गिरणीतली रसायनं असतात. शंभरदा धुतलेल्या सुती कापडातून ती निघून जातात, धागे सैलावतात आणि कापड कातडीला बोचत नाही.

त्यानंतर गोधडी. कोकणापासून विदर्भापर्यंत तिला वाकळ, लेपाट अशी निरनिराळी नावं आहेत. वर-खाली धड लुगडी, आत विरलेल्या कापडांचे थर आणि सगळ्यांतून जाणारा धावदोरा. गोधडीची ऊब तिच्या वजनातून येत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून अंग उबदार राहतं. टाके थरांना जागेवर धरतात, नाहीतर आतली कापडं गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतील. टाके जवळजवळ असले तर अर्धवट फाटलेलं कापडही शेजारच्या टाक्यांच्या आधारानं टिकून राहतं. बंगालातली कांथा, बिहारमधली सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाची कवंद ही सगळी याच युक्तीची भावंडं आहेत. सिद्दी बाया कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावतात. फुलांवाचून कवंद त्यांना उघडीबोडकी वाटते.

गोधडी फाटली की तिचं पोतेरं होई, म्हणजे चुलीला आणि जमिनीला सारवण्याचं फडकं. अगदी शेवटच्या चिंध्या तेलात भिजवून काकडा पेटवत. पहाटेच्या काकड आरतीच्या नावात तो पीळ घातलेला कापडी काकडाच आहे.

या उतरंडीची फार जुनी नोंद बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात सापडते. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला 500 वस्त्रं दान दिली. एवढ्या वस्त्रांचं भिक्षू काय करणार, असा प्रश्न राजाला पडला. आनंदानं सांगितलं की ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादनं करू. ती जुनी झाल्यावर? गादीचे अभ्रे. मग जमिनीवरची अंथरणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी जुनी झाली की? कुटून मातीत मळू आणि त्यानं जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्यानं आणखी 500 वस्त्रं दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या संवादात कापडाच्या मरणाची एकही पायरी वगळलेली नाही.

बोहारणीची नजर

शहरात सारवायची जमीन गेली, तेव्हा ही उतरंड घराबाहेर पडली. तिला पुढे नेलं बोहारणीनं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीशी जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि दुपारच्या शांततेत चाळीच्या जिन्यातून येणारी लांब हाक. चार साड्या, दोन पँट्स आणि एक शर्ट यांवर पातेलं मिळणार की डबा, यावर अर्धा तास घासाघीस चाले. बाईला वाटे आपण जिंकलो, बोहारणीला वाटे आपण जिंकलो आणि बहुधा दोघींचंही खरं असे.

तिची कपडा पाहण्याची पद्धत शिकण्यासारखी होती. साडी ती दारातल्या उजेडासमोर आडवी धरी. जिथून उजेड जास्त झिरपे तिथलं कापड विरलेलं. मग दोन्ही मुठींत धरून हलकासा हिसका देई. धागा कुजलेला असेल तर 'टर्र' आवाज येई. शर्टची कॉलर उलटून पाही, पँटची मधली शिवण पाही. जुन्या जरीच्या साडीला ती वेगळाच भाव देई, कारण खरी जर असेल तर साडी जाळून तिच्यातली चांदी परत मिळवता येते.

तिच्या मागे एक मोठी बाजारपेठ उभी आहे. या व्यवसायात मूळचा गुजरातमधला वाघरी समाज मोठ्या प्रमाणावर आहे. आज त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःला देवीपूजक म्हणवतात. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा जुन्या कपड्यांचा बाजार उजाडायच्या आत भरतो. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी रविवारची गुजरी भरते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवारचा म्हणून ओळखला जातो. घरोघरून आलेला कपडा इथे वेगळा केला जातो. धड असेल तो धुऊन, शिवून, इस्त्री करून मजुरांना आणि विद्यार्थ्यांना विकला जातो. साड्यांचे पडदे, उशांचे अभ्रे, पर्यटकांसाठी घागरे होतात. सुती चिंध्या गॅरेज आणि छापखान्यांत यंत्रं पुसायला जातात, कारण सूत तेल चटकन शोषून घेतं. ब्रिटिश अभ्यासक ल्युसी नॉरिस यांनी दिल्लीतल्या या व्यापाचा बारकाईनं अभ्यास केला आणि 2010 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपल्या जिन्यात बसलेली बोहारीण केवढ्या मोठ्या साखळीची पहिली कडी आहे, हे ते वाचून कळतं.

पानिपतचे रंगीत ढीग

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 1761 आठवतं. कापडाच्या जगात पानिपतची ओळख वेगळी आहे. जगभरातल्या टाकून दिलेल्या लोकरी आणि विणलेल्या कपड्यांपासून पुन्हा धागा काढण्याचं ते फार मोठं केंद्र आहे.

ही युक्ती मूळ इंग्लंडची. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी 1813 च्या सुमारास जुने लोकरी कपडे पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून कापड तयार केलं. त्याला 'शॉडी' म्हणू लागले. पुढे इंग्रजीत या शब्दाचा अर्थच 'हलक्या प्रतीचं' असा झाला. खरं तर ते गरिबाला परवडणारं उबदार कापड होतं.

भारतात वापरलेले कपडे आयात करायला परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशातून आलेल्या गाठी फोडून कपडे वेगळे केले जातात. घालण्याजोगा माल बहुतांशी पुन्हा निर्यात होतो. पिंजण्यासाठी आलेले कपडे, कुणी तसेच विकू नयेत म्हणून, मुद्दाम कापून फाडलेले असतात. पानिपतला पोचल्यावर बाया जमिनीवर बसून उभ्या पात्यांवर त्यांची बटणं, चेन, लेबलं, अस्तर काढतात. मग रंगानुसार ढीग लागतात. लालात लाल, निळ्यात निळा. ही निवड नीट झाली तर धाग्याला पुन्हा रंग द्यावा लागत नाही, म्हणजे पाणीही वाचतं आणि रसायनंही. पुढे यंत्राचे दात कापड पिंजून त्याचे तंतू मोकळे करतात, त्यांचा जाड धागा कातला जातो आणि घोंगड्या विणल्या जातात. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या करड्या घोंगड्यांमागे बरेचदा पानिपतच असतं.

मग सगळेच कपडे असे परत धाग्यात का नेत नाहीत? पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूचा धागा जाड आणि कमजोर निघतो. शिवाय आजचा बहुतेक कपडा मिश्र असतो. सूत, पॉलिएस्टर आणि ताणणारा धागा एकत्र विणलेला असला की ते वेगळे काढणं कठीण आणि महाग पडतं. म्हणून एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यांत येतो. दुसरीकडे एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून धरलं तर, सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. कपडा तोडून धागा करण्यापेक्षा तो कपडा म्हणूनच जास्त दिवस वापरणं केव्हाही शहाणपणाचं.

उतरलेलं आणि निवडलेलं

जुन्या कपड्यांविषयी बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. आपल्या समाजात दुसऱ्याचा उतरलेला कपडा घालावा लागणं ही शतकानुशतकं अपमानाची खूण होती. चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलं आहे. 1927 साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांशी बोलताना लुगडं नेसण्याच्या पद्धतीचा विषय मुद्दाम काढला. अस्पृश्यतेची खूण सांगणारी ती रीत सोडा, असं त्यांनी सांगितलं. वस्त्र हा किती खोल राजकीय विषय आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्यांच्या आजी-पणजींना नवं कापड नाकारलं गेलं, त्यांच्या घरात जुना कपडा नको वाटतो तेव्हा त्यामागे ही आठवण असते. तिचा मान ठेवूनच या विषयावर बोललं पाहिजे.

त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी चिंध्या जोडून केलेलं वस्त्र आपणहून अंगावर घेतलं आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. लादलेली चिंधी आणि निवडलेली चिंधी यांत केवढं अंतर आहे, हे या दोन उदाहरणांतून कळतं. म्हणून कपडे देताना देण्याची रीत महत्त्वाची. 1999 साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत 'गूंज' ही संस्था घरातल्या 67 कपड्यांपासून सुरू केली. जुने कपडे दान म्हणून न वाटता गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून द्यायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. विहीर, बांध, रस्ता करणाऱ्याच्या घरी कपडे मिळकत म्हणून जातात. 2015 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपणही कुणाला कपडा देताना तो धुऊन, बटण लावून, इस्त्री करूनच द्यावा. मळकं, फाटकं काढून देणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवणं.

जुन्या बाजारात उभं राहून

आता खरेदीकडे वळू. ढिगातून कपडा उचलला की आधी तो उलटा करा. कपड्याचं खरं चरित्र आतल्या बाजूला लिहिलेलं असतं.

पहिल्यांदा माया पाहा. बाजूच्या शिवणीत, कमरेच्या मागे आणि खालच्या दुमडीत किती कापड शिल्लक आहे? बोटभर असेल तर कपडा सैल करता येईल, उंची वाढवता येईल. स्वस्त तयार कपड्यांत कापड वाचवण्यासाठी काठाशीच ओव्हरलॉक मारून टाकलेला असतो. असा कपडा आत घेता येतो, सोडता येत नाही. म्हणून मापाचा नसेल तर थोडा मोठाच घ्यावा. कंबर, उंची, बाह्यांची लांबी शिंपी सहज बदलतो. खांदा बदलणं मात्र जिकिरीचं काम आहे, कारण त्याच्याशी बाही, गळा आणि छाती सगळं बांधलेलं असतं. म्हणून खांदा बसला तरच शर्ट किंवा कोट घ्यावा.

मग बोहारणीसारखा उजेडासमोर धरा. काखा, मांड्यांमधला भाग, कोपर, कॉलरची घडी इथे कापड आधी विरतं. रेशमी साडी घडीच्या रेषेवर तुटते, म्हणून ती पूर्ण उलगडूनच पाहावी. छोटी छिद्रं विखुरलेली दिसली तर कसर लागली आहे, हे समजावं. चेन दोनदा वर-खाली करावी.

लेबल नसेल तर कापड कोणतं, हे आतल्या शिवणीतला एक धागा काढून ठरवता येतं. धागा चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात आणि चुरगळणारा काळा गोळा उरतो. पॉलिएस्टर वितळतं आणि टणक मणी तयार होतो. हे कळलं की पुढचं धुणं, रंगवणं, इस्त्री सगळं ठरतं. अंगावर गोळे आलेले असतील तर तेही कापडाची जात सांगतात. सुती कापडाचे गोळे गळून पडतात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्यामुळे मिश्र कापडाचे गोळे तिथेच चिकटून बसतात.

घरी आल्यावर

आणलेला कपडा थेट कपाटात ठेवू नये. पिशवीतून काढून लगेच धुवायला टाकावा. सुती असेल तर गरम पाण्यात, साधारण 60 अंशांच्या. उवा आणि खरजेचे किडे माणसापासून दूर फार दिवस जगत नाहीत, म्हणून धुता न येणारा कोट घट्ट बांधलेल्या पिशवीत आठवडाभर ठेवला तरी चालतं. ढेकूण मात्र महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. त्यांना उष्णताच लागते.

धुण्याचे नियम तंतूच्या स्वभावातून आले आहेत. सूत ओलं झालं की अधिक बळकट होतं, म्हणून धोब्याची आपट त्याला सोसते. रेयॉन ओलं झाल्यावर बरंच बळ गमावतं. ते पिळू नये, अलगद दाबून पाणी काढावं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आवळून बाहुलीच्या मापाचा होतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत. तीव्र सोड्याची पावडर त्यांना खाते आणि क्लोरीनचं ब्लीच तर त्यांना विरघळवतंच. त्यांच्यासाठी रिठ्याचं पाणी उत्तम. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करून मळ काढतं, पण तंतूला त्रास देत नाही.

जुन्या कपड्याचा कुबट वास घालवायला शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालावं. ते साबणाचा उरलेला अंशही काढतं. पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवल्यानं जातो. नीळ ही दृष्टीची करामत आहे. निळसर छटा पिवळेपणाला झाकते आणि डोळ्यांना कापड शुभ्र दिसतं, अधिक स्वच्छ होत नाही.

डागांची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा असते. रक्ताला थंड पाणी, कारण गरम पाण्यानं त्यातलं प्रथिन गोठून कापडात बसतं. गंजाला लिंबू आणि मीठ, कारण आम्लात लोहाचा गंज विरघळतो. तेलाच्या डागाला आधी भांड्यांचा साबण. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. पण तो हळदीचा स्वभावच आहे, क्षारात तिचा रंग बदलतो. खळबळून कपडा कडक उन्हात टाकावा. सूर्यप्रकाशानं हळदीचा रंग तुटतो आणि डाग फिका पडत जातो. बाकी रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीत वाळवावेत, कारण तेच ऊन त्यांचाही रंग खातं.

सुती साडीला तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खळ दिली की तिला पुन्हा अंग येतं. मळ खळीला चिकटतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. पण साडी बरेच दिवस ठेवायची असेल तर खळ धुऊन काढावी, कारण चंदेरी कसर खळीवरच जगते. रेशमी आणि जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळाव्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं ताण आला की धागा तिथेच तुटतो.

सुई-दोऱ्याचं काम

धुऊन झाल्यावर दुरुस्ती. छोट्या छिद्राला रफू. चांगला रफूगर दोरा विकत घेत नाही. तो त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून धागा ओढून काढतो आणि छिद्रावर आधी उभे, मग त्यांतून खाली-वर जाणारे आडवे धागे घालून कापड पुन्हा विणतो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या पश्मिन्याच्या शाली असे दुरुस्त करत आले आहेत. वस्त्रकलावंत प्रिया रवीश मेहरा यांनी या अदृश्य राहणाऱ्या कलेला लोकांसमोर आणण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षं दिली. ज्याचं काम दिसलं नाही तोच रफूगर मोठा, आणि म्हणूनच त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

मोठ्या भोकाला ठिगळ. ते झाकायचं की मिरवायचं, हे आपण ठरवावं. जपानमध्ये शेतकऱ्यांच्या जुन्या, ठिगळांवर ठिगळं लावलेल्या 'बोरो' कापडांना आज संग्रहालयात जागा आहे. आपल्या गोधडीतली रंगसंगती त्याहून कमी नाही. ठिगळ कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला जुळवून लावावं आणि आधी धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून सुरकुत्या पडतात.

शर्टची कॉलर विरली तर तो फेकू नये. शिंपी कॉलर उसवून उलटवतो आणि आतली न झिजलेली बाजू वर आणतो. तासाभराच्या या कामानं चांगल्या शर्टला दोन वर्षं मिळतात. साडीचं अंग विरलं आणि काठ-पदर धड असतील तर ते काढून नव्या कापडावर लावता येतात. आजीच्या इरकलीचा काठ नातीच्या कुर्त्यावर येतो तो असा.

विटलेला सुती कपडा रंगवता येतो. पॉलिएस्टर मात्र घरच्या पातेल्यात रंगत नाही, त्याला दाबाखाली फार जास्त तापमान लागतं. त्यामुळे पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवलेला सुती शर्ट रंगवला तर टिपा जुन्याच रंगाच्या राहतात. काहींना ते आवडतंही. सह्याद्रीतल्या हिरड्याच्या पाण्यात सुती कापड भिजवून, नंतर गंजक्या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की सुरेख करडा ते काळा रंग येतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा तो रंग. लोह जास्त झालं तर कापड हळूहळू कुजतं, म्हणून ते बेतानं वापरावं.

मागे ठेवलेली जागा

जुन्या कपड्यांची खरेदीही हावरेपणानं होऊ शकते. स्वस्त आहे म्हणून दहा उचलले आणि एकही घातला नाही, तर काटकसर कुठे राहिली? घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतून गाठीच्या गाठी येतात. तिथे अशा कपड्यांना 'ओब्रोनी वावू', मेलेल्या गोऱ्याचे कपडे, म्हणतात. कुणी जिवंतपणी एवढं टाकून देईल, यावर लोकांचा विश्वास बसला नाही, त्यातून ते नाव पडलं. त्या गाठींतला बराच माल आता इतका हलका येतो की शिवून, रंगवूनही तो उभा राहत नाही. त्याचे डोंगर समुद्रकाठी साचतात. पहिल्या हातानं माया सोडली नाही, तर पुढच्या कुणाच्याही हाती काही उरत नाही.

म्हणून जुन्या कपड्याची काळजी नवा कपडा घेतानाच सुरू होते. घेण्याआधी तो उलटून पाहावा. शिवायला टाकताना पाव मीटर कापड जास्त घ्यावं आणि शिंप्याला सांगावं की बाजूच्या शिवणीत बोटभर ठेवा. उरलेला तुकडा आणि दोन बटणं त्याच्याकडून मागून घ्यावीत, उद्याच्या रफूला आणि ठिगळाला ती लागतील. आपल्यानंतर हा कपडा कोण घालेल, हे आपल्याला माहीत नसतं. धाकटी बहीण असेल, बोहारणीच्या गाठोड्यातून पुढे गेलेली एखादी परकी मुलगी असेल. ती कुणीही असो, एखाद्या जूनमध्ये ती दुमड उसवेल आणि तिला आत, उन्हापासून जपलेला, मूळ रंगाचा पट्टा सापडेल.